चार तांब्यांचा एक तांब्या

मुलांनो, एक पेला घ्या. खरा हाताशी नसेल तर मनातला घ्या. त्यात नळाचं पाणी भरा आणि खिडकीपाशी उजेडात धरा. काय दिसतं? पलीकडचं झाड थोडं वाकडंतिकडं दिसेल, बाकी काही नाही. हुंगून पाहा. वास नाही. एक घोट घ्या. पाण्याला असते तीच चव.

आता अशी कल्पना करा, की या पेल्यात असं काहीतरी आहे, जे तुमचे डोळे, नाक आणि जीभ या तिन्ही पहारेकऱ्यांना चुकवून आत शिरलंय. किती आहे ते? पोहण्याच्या भल्यामोठ्या तलावात कुणी चिमूटभर मीठ टाकलं, तर तिथल्या एका पेल्यात जितकं मीठ येईल तितकं. तुम्ही म्हणाल, एवढंसं? मग घाबरायचं कशाला? बरोबर आहे, घाबरायचं नाहीच. पण हसण्यावारीही न्यायचं नाही. चला, दहा-बारा वर्षं पुढे जाऊ आणि कोकणातल्या निवेखोल गावात उतरू.

निवेखोलची वैजयंती शिगवण ही गावाची जलसुरक्षक होती. गाव तिला वैजूताई म्हणे. वय चौपन्न, आवाज खणखणीत, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला धापा टाकाव्या लागत. रोज सकाळी सातला ती नदीकाठच्या पंपघरात जाई, टाकीत ब्लीचिंगची पावडर कालवून सोडी आणि तासाभराने नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकी. पाणी पिवळं झालं की समजायचं, क्लोरिन पोचलं, जंतू मेले. मग पंपघराच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर खडूने तीन रकाने भरायचे: तारीख, पिवळा रंग आला की नाही, आणि सही. गेल्या पंधरा वर्षांत हा फळा एक दिवसही कोरा राहिला नव्हता. तापात होती तेव्हासुद्धा ती मुलाकडची नात कनक हिच्या खांद्यावर हात टाकून आली होती.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. ती या गावात सून म्हणून आली त्यानंतर काही वर्षांनी गॅस्ट्रोची साथ आली होती. धाकट्या दिराची मुलगी, अडीच वर्षांची, सकाळी अंगणात खेळत होती आणि दुसऱ्या दिवशी नव्हती. तेव्हापासून वैजूताईने एकच मंत्र धरला: पाणी वीस मिनिटं खळखळा उकळायचं. घरोघर जाऊन तिने तो गळी उतरवला. न उकळणाऱ्या घरात ती चहासुद्धा घेत नसे. आणि गरोदर बाईसाठी, बाळंतिणीसाठी तिचा नियम आणखी कडक होता. सासूकडून आलेला तो: वावडिंग टाकून चार तांबे पाणी चुलीवर ठेवायचं आणि आटवून एक तांब्या करायचं. तेवढंच प्यायला द्यायचं.

गावात पंधरा वर्षांत पाण्यापायी एकही मूल दगावलं नाही. पाणी नीट राखणाऱ्या गावाला दरवर्षी हिरवं कार्ड मिळतं, आणि लागोपाठ पाच वर्षं हिरवं मिळालं की चंदेरी. निवेखोलच्या पंचायतीत दोन चंदेरी कार्डं भिंतीला लटकत होती. तिसरं या एक मेच्या ग्रामसभेत मिळायचं होतं.

त्या वर्षी तिची लेक तेजल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. फेब्रुवारीत मुलगा झाला. लेक सातव्या महिन्यात आली तेव्हापासून वैजूताई रोज स्वतःच्या हाताने चार तांब्यांचा एक तांब्या करत होती.

मार्चमध्ये तालुक्याच्या कॉलेजातली एक संशोधक मुलगी गावात आली. डॉ. निलोफर मुकादम तिचं नाव. खांद्याला झोळी आणि झोळीत चष्म्याच्या घराएवढी एक पेटी.

"याला आम्ही काजवा म्हणतो," ती पंपघरासमोर पेटी उघडत म्हणाली. आत पातळ पट्ट्या होत्या आणि एक लहानसा पडदा. कनक तिच्या कोपराला चिकटून उभी राहिली. दहा वर्षांची, पाचवीत शिकणारी, आणि प्रश्न विचारण्यात कुणाचा मुलाहिजा न ठेवणारी.

"चावतो का?"

"नाही. चमकतो."

मुलांनो, काजवा का चमकायचा ते ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. तुमच्या-माझ्या यकृतात एक प्रथिन असतं. त्याचं काम एस.टी. स्टँडवरच्या हमालाचं. चरबीचे बारीक कण उचलायचे आणि जिथे लागतील तिथे पोचवायचे. आता माणसाने काय केलं? चरबीच्या कणासारखीच कार्बनची साखळी घेतली, पण तिच्यावरचे हायड्रोजन काढून तिथे फ्लोरिन बसवले. असा पदार्थ तयार झाला, की त्यावर पाणीही टिकेना आणि तेलही. मग काय, रेनकोट, छत्र्या, न चिकटणारे तवे, आग विझवायचा फेस, सगळीकडे तो गेला. गंमत अशी, की कार्बन आणि फ्लोरिन यांनी एकमेकांचा हात एकदा धरला की तो सोडवणं महाकठीण. उन्हाला जमत नाही, पाण्याला जमत नाही, सगळं कुजवणाऱ्या जंतूंनाही जमत नाही.

असा पदार्थ पोटात गेला की आपला हमाल फसतो. गाठोडं ओळखीचं वाटतं, म्हणून तो उचलतो. पण शरीराला ते जाळता येत नाही आणि मूत्रपिंडांना ते धड बाहेरही टाकता येत नाही. वर्षानुवर्षं ते रक्तातून हिंडत राहतं. निलोफरच्या लोकांनी काय केलं, तर हाच हमाल प्रयोगशाळेत वाढवला आणि त्याच्या पाठीवर उजेडाचा एक ठिपका चढवला. खोटं गाठोडं उचललं, की ठिपका पेटतो. जितकी गाठोडी जास्त, तितका उजेड जास्त. पडद्यावर त्याचा आकडा येतो.

"म्हणजे अश्वत्थाम्यासारखं," कनक म्हणाली. "मरतच नाही. नुसतं फिरत राहतं."

निलोफर तिच्याकडे बघतच राहिली. "अगदी तसं. सात चिरंजीव देवांनी केले, हा आठवा आपण केला."

पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली, कनकने दोन्ही तळव्यांची ओंजळ करून तिच्यावर अंधार धरला आणि मोठ्याने शंभर मोजले. बोटांच्या फटीतून निळसर उजेड झिरपला. पडद्यावर आकडा आला: बारा.

"किती असायला हवा?" वैजूताईने विचारलं.

"दोनच्या आत असता तर मी परत गेले असते."

वैजूताईने डोंगराकडे पाहिलं. वर कड्याखाली एक कारखाना होता. कापडाला पावसाचं पाणी लागू नये म्हणून तिथे लेप चढवत. सहा वर्षांपूर्वी त्याला टाळं लागलं. कंपनी दोनदा विकली गेली होती, आता तिचा मालक कोण हे तलाठ्यालाही सांगता आलं नसतं. शेडवर गवत वाढलं होतं. पण त्याच्या खड्ड्यांतून दर पावसाळ्यात पाणी झिरपायचं आणि ओढ्याने नदीला मिळायचं.

"आमच्या गावात घाबरायचं कारण नाही," वैजूताई म्हणाली. "आम्ही उकळून पितो. चला, घरंच दाखवते."

पहिलं घर गणूतात्याचं. हा म्हातारा गेली पंधरा वर्षं वैजूताईची टिंगल करत आला होता. "काय गो वैजू, आता पाण्याला सुईपण टोचणार?" तो ओसरीवरून म्हणाला. त्याच्या माठातलं पाणी थेट नळाचं. आकडा आला बारा.

"बघितलंत? उकळत नाहीत ना," वैजूताई पुटपुटली.

पुढची तीन घरं तिच्या आज्ञेतली. पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवलेलं. आकडे आले पंधरा, सोळा, पंधरा. वैजूताईच्या कपाळाला आठी पडली. "तुमचं यंत्र उन्हाने तापलंय."

मग तिने त्यांना स्वतःच्या घरी नेलं. बाळंतिणीच्या खोलीतला तांब्या आणला. कनकने ओंजळ धरली, शंभर मोजले. या वेळी उजेड इतका होता की तिच्या बोटांच्या कडा निळ्या झाल्या.

अठ्ठेचाळीस.

"भांडं खराब असणार," वैजूताई म्हणाली. तिने तांब्या चिंचेने आणि राखेने घासघासून लख्ख केला, नवं पाणी आटवलं. अठ्ठेचाळीस. शेजारणीचं स्टीलचं पातेलं आणलं. अठ्ठेचाळीस. निलोफर काहीतरी सांगू पाहत होती, "वैजूताई, मला वाटतं उकळण्यामुळेच..." पण वैजूताईने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "पोरी, तुझं शिक्षण मोठं असेल. पण उकळण्याबद्दल मला कुणी शिकवू नये. मी एक लेकरू जाताना पाहिलंय."

निलोफरने झोळी खांद्याला लावली. जाताना काजव्याची पेटी आणि शंभर पट्ट्या तिने कनककडे ठेवल्या. "रोज एक आकडा घे," तिने सांगितलं. "आणि तुझ्या आजीचा राग शांत झाला की मला फोन कर."

नळात बारा आहेत हे मात्र वैजूताईला डाचत होतं. ते साहेबांच्या कानावर घालायला हवं, म्हणून ती तालुक्याला गेली. तिथल्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत कोंडविलकर नावाचे साहेब होते. माणूस सज्जन. तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आकडा ऐकला आणि संगणकाकडे वळून उसासा टाकला.

"वैजूताई, हे बघा. जंतू, क्षार, लोह, नायट्रेट, फ्लोराइड. यात तुमचं कुठे बसतं?"

"फ्लोरिन म्हणाली ती मुलगी."

"ते वेगळं, फ्लोराइड वेगळं. तुमच्या पदार्थाला माझ्याकडे रकानाच नाही. रकाना नाही म्हणून नमुना घेता येत नाही. नमुना नाही म्हणून अहवाल नाही."

"मग रकाना करा ना."

"तो वरून येतो."

"वरून म्हणजे कुठून?"

कोंडविलकरांनी छताकडे बोट दाखवलं. तिथे एक पंखा होता, तोही बंद.

दुसऱ्या खेपेला ते प्रशिक्षणाला गेले होते. तिसऱ्या खेपेला भेटले, पण म्हणाले लेखी अर्ज द्या. तिने दिला. त्याच्यावर तारखेचा शिक्का मारताना कारकुनाने विचारलं, "विषय काय लिहू?" ती म्हणाली, "पाणी." तो म्हणाला, "पाण्यात कुठला उपविषय?" तीन एस.टी. बदलून घरी येताना वैजूताईला प्रथमच वाटलं, की आपण इतकी वर्षं ज्या हिरव्या आणि चंदेरी कार्डांच्या मागे धावलो, ती कार्डं फक्त विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. जे कुणी विचारलंच नव्हतं, त्याचं उत्तर त्यांवर कुठून असणार?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारी उत्तर आलं. कनकने मोठ्याने वाचलं. आपल्या अर्जातील पदार्थ विहित यादीत समाविष्ट नाही. तथापि खबरदारीचा उपाय म्हणून ग्रामस्थांनी पाणी उकळून प्यावे.

"बघ!" वैजूताईचा चेहरा उजळला. "साहेबसुद्धा तेच म्हणतात."

आणि मग तिने ते केलं, जे तिच्याइतकी मायाळू आणि तिच्याइतकी शिस्तीची बाईच करू शकली असती. तिने उकळणं वाढवलं. गावाला सांगितलं, वीस नव्हे, चाळीस मिनिटं. आणि तेजलसाठी चाराऐवजी सहा तांब्यांचा एक तांब्या.

कनकने त्या दिवशीचा आकडा घेतला. बहात्तर. ती आजीला सांगायला गेली, तर आजी म्हणाली, "ते खेळणं ठेव बाजूला आणि सारावर लक्ष दे. मी नारळ घेऊन येते."

आमसुलाचं सार मंद आचेवर होतं. कनकने काय केलं असेल? पुस्तक घेऊन बसली. वाचता वाचता सार अर्ध्यावर आलं. वैजूताई परतली, तिने पळीभर सार हातावर घेऊन चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट ढोण झालं गो! लक्ष कुठे होतं?"

"मी मीठ नाही टाकलं आजी. आई शप्पत."

"तू टाकलं नाहीस, पण आटलं ना ते! पाणी उडून जातं, मीठ काय उडून जातं? ते बसतं खाली..."

वैजूताई थांबली. पळी हातात तशीच राहिली.

कनक तिच्याकडे पाहत होती. तिच्या डोक्यात आकडे आपोआप जागच्या जागी बसत होते. "आजी," ती हळूच म्हणाली, "बारा चोक अठ्ठेचाळीस."

वैजूताईने पळी खाली ठेवली.

"बारा सक बहात्तर."

सार पातेल्यात बुडबुडत राहिलं. चुलीजवळच्या फळीवर सहा तांब्यांचं पातेलं होतं, आतून पांढरट कडा आलेलं. जंतू मरतात तसं सगळंच मरतं, असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते ती स्वतःच धरून चालली होती. आणि त्या पोरीने सांगायला तोंड उघडलं, तेव्हा तिने ते बंद केलं होतं.

संध्याकाळी तिने निलोफरला फोन लावला. "पोरी, माझं चुकलं. आता माझ्या नातवाचं काय होणार ते सांग. खोटं सांगू नकोस."

निलोफरने खोटं सांगितलं नाही आणि भीतीही घातली नाही. असे पदार्थ अंगात जास्त असले, तर काही मुलांमध्ये लशीचा असर कमी पडतो, असं दिसून आलंय. सगळ्यांत नव्हे. थायरॉइडवर, कोलेस्टेरॉलवरही लक्ष ठेवावं लागतं. बाळाच्या डॉक्टरांना हे सगळं सांगायचं, ते गरज वाटली तर रक्त तपासतील, लशीचा जादा डोस लागला तर देतील. "आणि आईचं दूध थांबवायचं नाही. त्याचे फायदे मोठे आहेत, डॉक्टरही तेच सांगतील. फक्त आजपासून पाणी बदला. डोंगरावर, कारखान्याच्या वरच्या अंगाला झरा आहे का?"

"आहे. सातिवण्याच्या झाडाखाली. बारीक धार आहे."

"त्याचा आकडा घ्या. ते पाणीही उकळायचं, पण झाकण ठेवून, आणि आटवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी-नात डोंगर चढून गेल्या. कनकने सातिवण्याखाली ओंजळ धरली, शंभर मोजले. ओंजळीत काळोखच राहिला. पडद्यावर शून्य.

एवढं झाल्यावर उरलं ते अवघड काम. तेजल बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. वैजूताईने उभ्यानेच सगळं सांगितलं. मधे थांबली असती तर पुढे सांगता आलं नसतं.

तेजल बाळाच्या टाळूवर तेल जिरवत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई म्हणत होत्या, इथेच राहा, शहरात सगळ्या सोयी आहेत. मी त्यांच्याशी भांडून आले, आई. म्हटलं, माझ्या आईसारखं पाणी कुणाच्या घरी नाही."

"तेजू..."

"कडू लागायचं ते. नाक दाबून प्यायचे. तू म्हणालीस म्हणून." तिने मान वर केली. डोळे कोरडे होते, आणि तेच वैजूताईला जास्त लागलं. "त्या निलोफरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना गं? मी आतून ऐकलं होतं. महिना झाला त्याला."

ती झऱ्याची कळशी उचलून आत ठेवायला गेली. मागून तेजल म्हणाली, "गावात अजून दोघी गरोदर आहेत, त्याही तुझ्या सांगण्यावरून आटवलेलंच पितात. त्यांना कधी सांगणार आहेस? की चंदेरी कार्ड मिळाल्यावर?"

मुलांनो, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नव्हता. वैजूताईने त्या दोघींना त्याच दिवशी जाऊन सांगितलं आणि झऱ्याचं पाणी पोचवलं. पण गावाला काय सांगायचं? उकळू नका म्हटलं, तर पावसाळ्यात पुन्हा गॅस्ट्रो. उकळा म्हटलं, तर आठवा चिरंजीव दाट होऊन पोटात. खरी गोष्ट दोन पदरी होती, आणि दोन पदरी गोष्ट ऐकायला लोकांना सवड नसते. शिवाय जिने पंधरा वर्षं एक सांगितलं, तिनेच आज दुसरं सांगितलं, तर उद्या तिचं कोण ऐकेल?

एक मेला पंचायतीच्या मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर तिसरं चंदेरी कार्ड चौकटीत बसवून ठेवलं होतं. तालुक्याहून कोंडविलकर साहेब आले होते. सरपंच सुहासिनी बाईत यांनी वैजूताईला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"माझं चुकलं," वैजूताई म्हणाली.

मांडवात हसू उठलं. लोकांना वाटलं, काहीतरी गंमत सांगते आहे. मग ती बोलत गेली तसं हसू विरत गेलं. तिने बारा सांगितला, अठ्ठेचाळीस सांगितला, बहात्तर सांगितला. सार आटल्याचंही सांगितलं, कारण ते बायकांना लगेच कळलं.

गणूतात्या उठून उभा राहिला. "म्हणजे इतकी वर्षं न उकळता पिणारा मीच शहाणा!"

"तुमच्या माठात बारा आहेत तात्या, अमृत नाही. आणि गेल्या श्रावणात कावीळ कुणाला झाली होती?"

तात्या बसला. पण मागून दुसरा आवाज आला, "मग प्यायचं तरी काय? आज एक सांगता, उद्या दुसरं." तिसरा म्हणाला, "हे वर्तमानपत्रात गेलं तर आमचे आंबे कोण घेईल?" मग सगळेच एकदम बोलू लागले.

वैजूताईने आवाज चढवला. "तीन गोष्टी करा. लहान मुलं आणि गरोदर बाया यांना झऱ्याचं पाणी. बाकीच्यांनी पाणी उकळा, पण एक उकळी आली की झाकून खाली उतरवा, आटवू नका. आणि पंचायतीने टाकीला कोळशाची मोठी गाळणी बसवायचा ठराव करावा. साधा कोळसा नव्हे, निलोफर म्हणते त्यासाठी खास तयार केलेला असतो. तो हे पकडतो."

सरपंचांनी कोंडविलकरांकडे पाहिलं. कोंडविलकर उठले, त्यांनी चष्मा पुसला. "वैजूताई म्हणतात ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण गाळणीला निधी मागायचा, तर पाण्यात काय आहे ते अहवालात दाखवावं लागेल. आणि अहवालात..."

"रकाना नाही," वैजूताई म्हणाली.

"रकाना नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. सरपंचबाई जाता जाता तिच्या कानाशी लागल्या. "ताई, तुमच्याबद्दल आदर आहे हो. पण हे आधी मला सांगायचं, मांडवात नाही." चंदेरी कार्ड वैजूताईच्या हातात दिलं गेलं, टाळ्याही झाल्या. ती ते पदराखाली धरून घरी आली आणि कोनाड्यात उलटं ठेवलं. अंगणातल्या दगडावर बसून ती डोंगराकडे पाहत होती. टाळं लागलेला कारखाना, वाढलेलं गवत, आणि त्याखालून निवांत झिरपणारं ते न मरणारं काहीतरी. ज्याच्यावर ओरडावं असं तिथे माणूसच नव्हतं.

"आजी," कनकने विचारलं, "रकाना म्हणजे नुसती रेघच असते ना?"

"हो गो बाई. नुसती रेघ."

"मग ती मारायला इतकं काय लागतं?"

वैजूताई दगडावरून उठली. ती म्हणाली, "झोप जा."

सकाळी सातला वैजूताई पंपघरापाशी पोचली, तेव्हा कनक आधीच तिथे होती. शाळेची लाकडी फूटपट्टी फळ्यावर उभी सरकवत सरकवत तिने फळ्याच्या वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ ओढली होती. जरा तिरकी झाली होती. रेघेच्या उजवीकडे, चौथ्या रकान्याच्या माथ्यावर, पाचवीतल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: यादीत नाही ते.

पाण्याला आलेल्या चार बायका कळशा कमरेवर घेऊन थबकल्या. गणूतात्याही काठी टेकत थांबला. कनकने कुणाकडे पाहिलं नाही. तिने नळ सोडला, पट्टी बुडवली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि मोठ्याने मोजायला लागली. साठाच्या आसपास एका बाईचा आवाज तिच्यात मिसळला. नव्वदला तात्याचाही.

शंभर झाल्यावर तिने पडदा पाहिला, टाचा उंचावल्या आणि रकान्यात लिहिलं: बारा. सहीची जागा आजीसाठी मोकळी सोडली. मग खालच्या ओळीत तिने उद्याची तारीख घातली.